सातबाऱ्यावर कुणाचं नाव

१९ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी पीएम किसानचा एकविसावा हप्ता सुटला. कार्यक्रम कोइमतूरला होता, आमच्या गावात तो कळला फोनच्या आवाजावरून. पारावर बसलेल्या एकाचा वाजला, मग दुसऱ्याचा. रस्त्याकडेच्या कापसातून कुणीतरी ओरडून विचारलं, "आले का रे?" दोन हजार रुपये. दिवेलागणीपर्यंत गावात दुसरा विषय नव्हता.

माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे, हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान गावात. आमच्याच घराच्या ओसरीत, २०१७ पासून. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, लॅमिनेशनचं मशीन आणि लाइट गेली तर दोन तास चालणारा इन्व्हर्टर. ज्यांचा फोन वाजतो ते माझ्याकडे येत नाहीत. येतात ते न वाजलेले. कुणी त्याच दिवशी येतं, कुणी चार दिवस वाट पाहून, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून. त्यामुळे ही योजना मी जवळपास सात वर्षं दुसऱ्याच बाजूने पाहते आहे. पाहून जे साठलं आहे ते आज लिहायचं ठरवलं.

शहरातल्या वाचकांसाठी आधी थोडक्यात. पीएम किसान ही केंद्राची शेतकऱ्यांसाठीची योजना, २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते, थेट खात्यावर. सुरुवातीला दोन हेक्टरची अट होती, ती त्याच वर्षी गेली. २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी महासन्मान निधी आणला आणि तेवढेच ६,००० वर घातले. म्हणजे पात्र घराला वर्षाचे १२,०००. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार, डॉक्टर, वकील, मोठं पेन्शन घेणारे यातून वगळलेले आहेत. गावात दोन्ही पैशांना मिळून "किसानचे" म्हणतात.

पुण्यात राहणारा माझा मावसभाऊ म्हणतो, दोन हजारांनी काय होतं? होतं. डीएपी खताची गोणी १,३५० रुपयांना येते, युरियाची २६६ रुपये ५० पैशांना. दोन हजारांत एक डीएपी आणि दोन युरिया येतात, वर शंभरेक रुपये उरतात त्यात गोण्या घरापर्यंत आणायचं भाडं निघतं. पेरणीच्या आठवड्यात तेवढं हातात असलं तर कृषी केंद्राच्या उधारीच्या वहीत नाव जात नाही. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्याकडचं सोयाबीन गुडघाभर पाण्यात उभं होतं, शेंगेतच कोंब फुटले. त्या दिवसांत या पैशाची किंमत विचारायची तर माझ्या ओसरीत येऊन विचारावी. तक्रार मला एकच वाटते: पहिल्या हप्त्याच्या वेळी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९ होता, २०२५ च्या खरिपात ५,३२८ झाला, खताचे, औषधाचे, मजुरीचे दर कुठल्या कुठे गेले, पण केंद्राचे सहा हजार जिथल्या तिथे आहेत.

आता न वाजलेल्यांकडे येते.

पोर्टलवर नंबर टाकला की मी तीन गोष्टी बघते. लँड सीडिंग म्हणजे जमिनीची नोंद जोडलेली आहे का, ई-केवायसी म्हणजे माणसाची ओळख पटली आहे का, आधार सीडिंग म्हणजे बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का. तिन्हीपुढे "येस" असेल तर "येतील, थांबा" म्हणता येतं. एकापुढे जरी "नो" असलं तरी मला समोरच्या माणसाकडे लगेच बघवत नाही. मग खाली एखादी इंग्रजी ओळ येते, "आरएफटी साइन्ड बाय स्टेट" किंवा "पेमेंट कन्फर्मेशन इज पेंडिंग". सुरुवातीला या ओळी मलाच कळायच्या नाहीत. आता आमच्या गावातली न शिकलेली माणसंही विचारतात, "माझी एफटीओ निघाली का?" एफटीओ म्हणजे पैसे पाठवायचा आदेश.

बँकेचा घोळ सगळ्यात सोपा, आणि त्यातच कधीकधी आनंद असतो. पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातील असं लोकांना वाटतं. ते जातात आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात. एक आजोबा तीन पासबुकं घेऊन दीड वर्ष फिरत होते. आधारवरून तपासलं तर पैसे चौथ्याच खात्यात पडून होते. ते खातं कधीकाळी कुणीतरी गावात टेबल टाकून उघडून दिलं होतं, आजोबांना आठवणही नव्हती. चार हप्ते, ८,००० रुपये. आजोबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीसाठी पावशेर पेढे आणले. ज्यांचं खातंच जोडलेलं नसतं त्यांना मी पोस्टमनदादांकडे पाठवते. पोस्टाच्या बँकेचं खातं आधारला लवकर जोडलं जातं आणि पैसे पोस्टमनच्या मशीनवरच घरी मिळतात.

केवायसी मात्र सोपी नव्हती.

कापूस वेचणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांवर रेघा राहत नाहीत. बोंड उमललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात. दिवसभर त्यात बोटं घालायची, तर अंगठ्याच्या पेराला बारीक बारीक चिरा पडतात, कडा काळ्या होतात आणि मधली कातडी कागदासारखी गुळगुळीत होते. हळद शिजवायच्या दिवसांत ती बोटं पिवळी होतात आणि माझ्या मशीनची काचही. मी कोमट पाण्याचं तांब्याभांडं ठेवलेलं असतं. हात धुवायचे, पदराला पुसायचे, बोट ठेवायचं. लाल दिवा. मग खोबरेल तेलाचा थेंब चोळायचा, पुसायचं, बोट ठेवायचं. लाल दिवा. मग बोट कपाळावर घासायचं, कपाळाचा जो थोडा तेलकट घाम असतो तो लागला की कधीकधी रेघ उमटते. अंगठा झाला, पहिलं बोट झालं, दहाही बोटं झाली की स्क्रीनवर "एरर ३००" येतो, म्हणजे ठसा जुळला नाही. बायका तो आकडा शिकल्या. "तीनशे आलं का गं?" असं विचारायच्या आणि उठून परत वेचणीला जायच्या. अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली असायची.

ज्यांनी हाताने सगळ्यात जास्त काम केलं त्यांचाच हात मशीनला ओळखू येत नव्हता. मला त्या दिवसांत झोप लागायची नाही. २०२३ मध्ये चेहऱ्याची केवायसी आली आणि फार मोठं ओझं उतरलं. फोन समोर धरायचा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं, झालं. मोतीबिंदू झालेल्या आजींना मी अंगणात उजेडात बसवते, तिथे होऊन जाते.

लँड सीडिंगपुढे "नो" आलं की मात्र माझ्या हातात काही नसतं. तिथे जमीन आणि नाव यांचा प्रश्न येतो, आणि मला लिहायचं आहे ते त्याच्याविषयीच.

पारामागे राहणाऱ्या एका काकूंचे मालक २०२२ च्या पावसाळ्यात अचानक गेले. तीन एकर रान, नाव एकट्या त्यांचं. हप्ता थांबला, तो थांबणं बरोबरच होतं. वारस नोंदीचा अर्ज दिला. फेरफाराची नोटीस निघाली, तर धाकट्या दिराने हरकत घेतली. हरकत म्हणजे तारखा. पहिली तारीख, दुसरी तारीख, साहेब दौऱ्यावर, साहेब निवडणुकीच्या कामात. सातबाऱ्यावर काकूंचं आणि मुलांचं नाव लागायला चौदा महिने गेले. मग पीएम किसानची नवी नोंदणी, तालुक्याची मंजुरी, जिल्ह्याची मंजुरी, राज्याची मंजुरी. त्यात २०२५ मध्ये राज्यात शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी सक्तीचा झाला, तो काढला. या सगळ्या काळात काकू शेतात गेल्या नाहीत असा दिवस मला आठवत नाही. पेरणी त्यांनी केली, निंदण त्यांनी काढलं, काढणीला मजूर त्यांनी लावले, सोयाबीन त्यांनी बाजारात नेलं. मालक होते तेव्हाही यातलं निम्म्याहून जास्त त्याच करत होत्या. पण मालक होते तेव्हा शेतकरी ते होते, आणि मालक गेल्यावर मधली वर्षं शेतकरी कुणीच नव्हतं. मधले हप्ते काकूंना मिळाले नाहीत.

वारसाने आलेल्या जमिनीला निदान दार उघडं आहे. कारण नियम असा आहे: १ फेब्रुवारी २०१९ ला ज्याच्या नावावर जमीन होती त्यालाच लाभ. त्यानंतर नावावर आली तर नाही, फक्त मालकाच्या मृत्यूने वारसाला आली असेल तर हो. यामागचं कारण मला कळतं. तारीख घातली नसती तर लोकांनी दोन हजारांसाठी कागदावर जमिनीचे तुकडे पाडले असते. पण एकदा सत्तर पार केलेले एक बाबा माझ्यासमोर बसले होते. थकल्यामुळे त्यांनी २०२१ मध्ये जमीन मुलाच्या नावे केली होती. त्यांचा हप्ता बंद झाला आणि मुलाचा अर्ज बाद झाला. मी नियम वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी मरेपर्यंत थांबायला पाहिजे होतं." मला उत्तर देता आलं नाही. त्यांना चहा दिला.

जी माणसं दुसऱ्याचं रान बटईने किंवा मक्त्याने करतात त्यांचा तर कुठेच पत्ता नाही. बियाणं त्यांचं, घाम त्यांचा, पाऊस गेला तर कर्ज त्यांचं. हप्ता मालकाच्या खात्यात, मालक कधीकधी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. आमच्या गावात अशी निदान वीस घरं मी नावानिशी सांगू शकते.

आणि बायका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात जमिनीच्या वहिती खातेदारांपैकी बायका होत्या सुमारे १४ टक्के. तेवढ्या तरी नावांमागे कुणी कुणी झटलेलं आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला तेव्हा मराठवाड्या-विदर्भातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन केली होती. माझे वडील ती गोष्ट सांगायचे. आमच्या माहेरी ते कुणी केलं नाही, पण वडिलांच्या आवाजात त्याबद्दल आदर असायचा.

यंदा पीएम किसानची तपासणी लागली. एकाच घरात नवरा आणि बायको दोघांना हप्ता जातो का, हे आधारवरून काढलं आणि अशांचे हप्ते पडताळणी होईपर्यंत थांबवले. नियमाप्रमाणे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं, आणि कुटुंबाला लाभ एक. त्यातही चूक काही नाही. पण मग प्रश्न येतो, कुणाचा ठेवायचा? या कामासाठी माझ्याकडे जी जी घरं आली त्यातल्या एकाही घराने बाईचा ठेवला नाही. चर्चाही झाली नाही. बाई मागे ओसरीच्या खांबाला टेकून उभी, नवरा समोर खुर्चीवर, "माझा चालू ठेवा, तिचा बंद करा."

आमच्या घरचंही सांगते. सासरे २०२० मध्ये गेले. सातबाऱ्यावर आता सासूबाई, माझे मिस्टर, दीर आणि दोन्ही नणंदा आहेत. नणंदांकडून हक्कसोड घ्या म्हणून भावकीतले चौघे येऊन बसले होते. मिस्टर म्हणाले, "त्या मागतील तेव्हा बघू, मी मागणार नाही." लग्नाच्या सोळा वर्षांत मला त्यांचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. पण मी त्या उताऱ्यावर नाही. मी या गावातल्या शेकडो लोकांचे फार्मर आयडी काढले. उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत बसून, कारण दिवसा सर्व्हर चालत नव्हता. माझा निघत नाही. पहाटे मी आमच्या हळदीला पाणी देऊन येते, हात धुते आणि संगणकापुढे बसते, तरीही.

आता परवाचं. नात्याने माझ्या चुलत जाऊबाई, मी त्यांना अक्का म्हणते. वय पन्नासच्या पुढे. सगळं सव्वातीन एकर रान त्यांच्या एकटीच्या नावावर आहे. २०१४ मध्ये भाऊजींनी करून दिलं. दोन्ही लेकीच, उद्या आपलं काही झालं तर भावकी हिला बांधावर उभी राहू देणार नाही, असं म्हणून ते तहसीलला चार खेटे घालून आले होते. गावाने तेव्हा पुष्कळ नावं ठेवली.

अक्का आल्या आणि पासबुक माझ्यापुढे टाकलं. "शेजारणीला लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात. मला पाचशेच का? मी काय अर्धी बहीण आहे का?"

कारण मला माहीत होतं. लाडकी बहीण ही राज्याची योजना, पात्र बाईला महिना पंधराशे. ज्या बाईला किसानचे आणि नमोचे मिळून वर्षाला १२,००० मिळतात, तिला महिना हजार मिळतात असं धरलं जातं, आणि लाडकी बहीणचा फक्त उरलेला फरक, पाचशे, दिला जातो. मी समजावून सांगितलं. अक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग माझं नाव काढ सातबाऱ्यावरून. ह्यांचं टाक. शेजारणीचं नाव नाही म्हणून तर तिला पुरे मिळतात."

मी वाया गेलेल्या प्रिंटच्या पाठीमागे हिशोब मांडला. शेजारणीच्या घरी जमीन नवऱ्याची: त्याला वर्षाला १२,०००, तिला लाडकी बहीणचे १८,०००. घरात आले ३०,०००. अक्कांच्या घरी जमीन बाईची: किसान-नमोचे १२,००० आणि महिना पाचशेने ६,०००. घरात आले १८,०००. रान सारखंच, बांधाला बांध लागून, माणसंही तेवढीच राबणारी. बारा हजारांचा फरक पडला तो सातबाऱ्यावर बाईचं नाव आहे म्हणून. मी हा हिशोब याआधी कधी असा मांडला नव्हता. लिहिताना माझाच पेन थांबला.

दोन्ही योजना वेगवेगळ्या खात्यांनी केल्या. असा परिणाम व्हावा असं कुणाच्या मनात नसेल. पण परिणाम हा आहे, आणि तो बदलणं अवघड नाही. शेतीचे पैसे शेतीला आहेत, ते पिकासाठी असतात. बाई शेतकरी आहे म्हणून तिच्या बहीणपणातून ते वजा करू नयेत. नवरा-बायकोत लाभ एकच द्यायचा असेल तर अर्जावर दोघांची नावं बरोबरीने लिहावीत. तहसीलला, जिल्ह्याला, जिथे जिथे मी कामाला जाते तिथे मी हे बोलणार आहे.

अक्का कागदाकडे बघत होत्या. त्यांना अंक वाचता येतात. "म्हणजे नाव बदललं की तीस?"

"नाही अक्का." मी खाली तिसरी ओळ लिहिली. आता भाऊजींच्या नावावर केलं तर ते २०१९ च्या नंतर झालं. भाऊजींना हप्ता लागणार नाही. अक्कांचाही बंद होईल, कारण जमीनच राहणार नाही. लाडकी बहीणचे पुरे पंधराशे येतील, वर्षाचे १८,०००. म्हणजे तेवढेच. "पैसे तेवढेच राहतील आणि रान जाईल," मी म्हटलं.

"आणि तेव्हा ह्यांनी माझ्या नावानं केलंच नसतं तर?"

"तर तीस आले असते."

त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर भाऊजी गाडीवर बसून वाट बघत होते, हॉर्न वाजवला. अक्कांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "थोरलीचं लग्न झालं तेव्हा ह्यांचा भाऊ मांडवात म्हणाला होता, आता धाकटी उजवली की रान आमचंच आहे. तेव्हा मी ट्रंकेतून उतारा काढून आणला होता. सगळ्यांपुढं."

"मला आठवतंय," मी म्हटलं. मी त्या मांडवात होते.

"तो उतारा फाटत आलाय घडीवर. नवा काढून दे. आणि त्याला ते प्लास्टिक घाल."

मी डिजिटल सहीचा सातबारा काढला. लॅमिनेशनचं मशीन तापायला पाच मिनिटं लागतात, तेवढा वेळ अक्का उभ्याच राहिल्या. कागद गरम बाहेर आला. त्यांनी नावाच्या ओळीवर अंगठा ठेवून बघितला, कमरेच्या पिशवीतून वीसची नोट काढून टेबलावर ठेवली आणि उतारा पदराखाली धरून गाडीवर जाऊन बसल्या.